नंदा, ती कडी मी बसवली नाही

नंदा,

सगळे म्हणतात, तू शांतपणे गेलीस. मी तिथे होते. तू अजिबात शांतपणे गेली नाहीस. शुद्ध होती तोवर गॅरेजच्या छपरावरून माझ्याशी वाद घालत होतीस, आणि तो वाद तुझ्या बाजूने मिटला अशा समजुतीत डोळे मिटलेस. तो मिटलेला नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

विहारात तुझ्यासाठी सभा झाली. माणसं चांगलंच बोलली. मनमिळाऊ होती, सोशिक होती, कुणाला दुखावलं नाही. मी मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होते आणि मला कळेना, ही कुठली बाई. विलासभाऊजी गेल्यावर त्यांची जीप घेऊन तू त्र्यंबकेश्वरच्या भाड्याला गेलीस, स्टँडवरच्या लोकांनी तुला नंबर लावू दिला नाही, तेव्हा तू जीप रस्त्यात आडवी लावून बोनेटवर बसलीस. नंबर मिळाला. पण घरी येताना ठरवलंस की एकटीने भांडून भागणार नाही, गाडी चालवणाऱ्या बायकाच वाढवायला हव्यात. त्यातून आपलं ड्रायव्हिंग स्कूल उभं राहिलं. सोशिक बाईच्या हातून हे झालं नसतं. सभेत मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मानेनेच नको म्हटलं. तिथे तोंड उघडलं असतं तर तुझ्या नातेवाइकांना आवडलं नसतं.

तुझी पहिली विद्यार्थिनी मी. चाळिशी उलटलेली, घरच्यांनी ‘हिला सायकल जमली नाही’ म्हणून सोडून दिलेली. तू डावीकडच्या सीटवर, तुझ्या पायाशी तो दुसरा ब्रेक. मी गंगापूर रोडला एका दुधाच्या टेम्पोसमोर गाडी बंद पाडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी रडकुंडीला आले. तू म्हणालीस, “त्यांना वाजवू दे, हॉर्न त्यांच्याच बॅटरीवर आहे. तू निवांत किल्ली फिरव.” पुढे मी तुझ्याबरोबर शिकवायला लागले, परवाना काढला, भागीदार झाले. त्या दिवशी तू माझ्यावर केवढे उपकार केलेस हे मात्र कधी बोलले नाही. तू बोलूच दिलं नसतंस. “सुषी, गिअर बदल,” म्हणाली असतीस.

मग गेल्या उन्हाळ्यात वळवाच्या वादळाने गॅरेजचे पत्रे उचलले. एक पत्रा शेजारच्या देशमुखांच्या पपईवर जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी शिकवायची गाडी उघड्यावर, थिअरीचा फळा भिजून फुगलेला, आणि सकाळच्या बॅचच्या बायका भिंतीच्या कडेला सावली शोधत उभ्या.

सल्ले फुकट मिळाले. इंजिनिअरने भिंतींवर हात फिरवून सांगितलं की हे जुनं विटांचं बांधकाम, खांब नाहीत, स्लॅबचं वजन पेलणार नाही. पत्रे पुन्हा टाकायचे तर त्यांना उतार हवा. एका बाजूला उतार दिला की पाणी देशमुखांच्या अंगणात, त्यावरून आधीच दोन पावसाळे कटकट झालेली. दुसऱ्या बाजूला तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी, तिथे उंची मिळत नाही. म्हणजे छप्पर हवं सपाट, आणि हलकं. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, “मग कडीपाट करू.”

आम्ही सगळे हसलो. भिंतीवरून भिंतीवर लाकडी कड्या टाकायच्या, वर फळ्या ठोकायच्या. जुन्या नाशकात तसली छतं अजून आहेत, पण ती उतरवतात, नव्याने कुणी करत नाही. पुण्याहून प्रशांत फोनवर म्हणाला, “आई, फॅब्रिकेशनवाल्याला बोलाव, लोखंडी सांगाडा करून टाक. तुला कशाला ती दगदग?” तुझ्या जाऊबाई समोरच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढ्या आजारपणात लाकडं कसली बघत फिरतेस?”

“मग आजारपणात काय बघायचं असतं?” तू विचारलंस.

मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटला होता, आणि मी लगेच तुझ्याशी वाद घालायला लागले होते. लाकूड मला मान्य होतं. कुठलं, हे नव्हतं.

माझं म्हणणं साधं होतं. वखारीतून सालवृक्षाचं नवीन लाकूड आणायचं, सरळ, एका मापाचं, आणि मोकळं व्हायचं. तुला जुना साग हवा होता. द्वारका चौकाजवळच्या वखारीत आपण गेलो तेव्हा मालकाने आपल्या दोघींच्या मधून मागे बघितलं, कुणी पुरुष येतोय का म्हणून. “ताई, साहेबांना घेऊन या, मग मापं ठरवू.”

“साहेब वर गेलेत,” तू म्हणालीस. “तिथून त्यांना मापं दिसत असतील, पण सांगता येत नाहीत. तुम्ही मलाच दाखवा.”

तो ओशाळला. मग मात्र तू सांगशील ती थप्पी त्याने उलटवली. मी पसंत केलेल्या सालाच्या कडीवर तू तळवा ठेवलास, मग गाल ठेवलास. थंड होती. “ओलं आहे हे,” म्हणालीस. “वर गेल्यावर वाळणार, आणि वाळताना पिळणार. फळ्या उचलल्या जातील, पाणी आत येईल.” मालकाने नजर वळवली. तिथे तू बरोबर होतीस. मी तेव्हाही मान्य केलं होतं आणि आताही करते.

मग आपली एक विद्यार्थिनी, हरसूलच्या दवाखान्यात नर्स असलेली, तिने सांगितलं की तिच्या गावात धान्याचं एक जुनं गोदाम पाडताहेत, त्याच्या सागाच्या कड्या विकायच्या आहेत. तू त्याच दिवशी निघायला तयार. मी गाडी चालवली, तू तुझ्या नेहमीच्या जागी. त्र्यंबक सोडल्यावर वळणं सुरू झाली तशी तू काच खाली केलीस, आणि एका आंब्याखाली गाडी थांबवायला लावलीस. उलटी झाली. बाटलीतल्या पाण्याने चूळ भरलीस, पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, “पित्त झालंय. चल.”

नंदा, ते पित्त नव्हतं आणि ते तुला ठाऊक होतं. आता बरं होणार नाही, हे डॉक्टरांनी तुला सांगून झालं होतं. मला त्यानंतर कितीतरी दिवसांनी कळलं, तेही प्रशांतकडून. याचा राग आहे मला. तू गेलीस म्हणून तो राग मी गिळणार नाही. मला कळलं असतं तर मी तुला हरसूलला नेलं नसतं, हे तुझं गणित होतं ना? चुकीचं होतं. मी नेलं असतं. फक्त वाटेत तुझ्याशी कड्यांवरून एवढं भांडले नसते. कदाचित म्हणूनच सांगितलं नाहीस.

हरसूलला बाजाराचा दिवस होता. मिरच्यांच्या ढिगांमधून वाट काढत गोदामाशी पोचलो. छप्पर उतरवलेलं होतं, भिंती अर्ध्या पडलेल्या, आणि कड्या अंगणात एकावर एक रचलेल्या. त्यांचे मालक एका खाटेवर बसले होते. म्हणाले, “लय जुनं लाकूड हे, बाई. आमच्या आजानं टाकलेलं. भिंतींची माती झाली, पण कडीला कायबी झालं नाय.”

तू जमिनीवर फतकल मारलीस. आजारी बाई, दम लागलेला, आणि एकेक कडी बघायला सुरुवात केलीस. मी स्क्रू-ड्रायव्हरने टोकं टोचत होते, कारण कडी कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकांपाशी. तू हातोडीने ठोकायचीस आणि कान लावायचीस. खणखणीत वाजली की खडूने खूण. बऱ्याचशा चांगल्या निघाल्या. काहींची टोकं गेलेली होती, ती कापली तरी आपल्या गॅरेजच्या रुंदीला पुरत होत्या, दोन्ही भिंतींवर टेकायला अर्धा अर्धा फूट राखून.

आणि मग ती निघाली. सगळ्यांत लांब, सगळ्यांत जाड, मधाच्या रंगाची. तू तिच्यावरची धूळ पदराने पुसलीस तशी रेघ चमकली. तू तिच्यावरून हात फिरवत राहिलीस. “ही मधोमध घालायची,” म्हणालीस. “गाडीच्या बरोबर वर.”

मी ती ठोकली. एका टोकापासून ठोकत गेले. मधल्या भागात, खालच्या अंगाला, आवाज बदलला. खणऐवजी भद्द. मी पुन्हा ठोकली. पुन्हा भद्द.

“आत पोकळ आहे, नंदा.”

“गाठ आहे ती.”

“गाठीचा आवाज असा येत नाही.”

“तुला किती गाठी माहितीयेत?” तू चिडलीस. “तुला हाताला मऊ लागलं की सगळं कुजकंच वाटतं. एवढी वर्षं गोदामाचं छप्पर पेललंय तिने. तुझ्या एका टकटकीने वाईट झाली?”

मालक आपल्याकडे बघत हसत होते. परतीच्या वाटेवर त्र्यंबकजवळच्या अंबोलीच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा अर्धा कप माझ्याकडे सरकवलास, एवढंच. पण टेम्पोत कड्या आल्या तेव्हा ती सगळ्यांत वर बांधलेली होती, खडूची खूण ठसठशीत करून.

त्यानंतर तुला उठता येईना. कड्या अंगणात विटांवर रचल्या, मधे पट्ट्या घालून, म्हणजे हवा खेळेल. हे तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून करवून घेतलंस. खुर्चीवर बसून, गजांना धरून. “सुषी, त्या दोन चिकटल्यात. वेगळ्या कर.” शेजारून जाणारी माणसं वर बघायची. बॅचच्या बायका आल्या की तुला खालून नमस्कार करायच्या, आणि तू त्यांना विचारायचीस, “काल रिव्हर्स नीट घेतला का?” तुझा आवाज रोज थोडा खाली यायचा. प्रश्न तोच.

दवाखान्यातली दुपार आठवते? तू आठवू शकत नाहीस, मलाच आठवते. हाताला सलाईन, ओठ कोरडे. प्रशांत औषधं आणायला गेला होता. तू विचारलंस, “कडी मधोमध घालणार ना?”

“ती नाही घालणार मी.”

“घालशील. मी बघायला येणार आहे.”

मी हसले. उत्तर दिलं नाही. तू मान वळवून डोळे मिटलेस, समाधानाने. मला वाटलं, झोपलीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. मी न बोललेल्या एका वाक्याला तू होकार समजलीस, आणि ते दुरुस्त करायला मला जागा ठेवली नाहीस. म्हणून आता स्पष्ट सांगते. तो होकार नव्हता.

प्रशांत चांगला मुलगा आहे. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून तू त्याच्यावर चिडशील. सभा झाल्यावर चार दिवसांनी त्याने मला घरी बोलावलं. अंगणातल्या कड्यांकडे बघत म्हणाला, “सुषमामावशी, आता हे कशाला? आई होती तोवर ठीक होतं. गॅरेज पाडून जागा मोकळी करतो. एक औषधाचं दुकान विचारतंय.”

“स्कूल चालू आहे, प्रशांत.”

“आईशिवाय?”

नंदा, त्या एका शब्दाने मला जे लागलं ते मी त्याला दाखवलं नाही. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने आयुष्यभर बघितलंय, स्कूल म्हणजे तू. मी बाजूला फॉर्म भरणारी, फळ्यावर चिन्हं काढणारी, मोकळ्या मैदानावर क्लच सोडायला शिकवणारी.

“हो,” मी म्हटलं. “आईशिवाय. सकाळची बॅच आजही झाली. उघड्यावर झाली. मला छप्पर पूर्ण करू दे. झाल्यावर तू येऊन बघ, मग काय ते ठरव. जागा तुझी आहे, मी नाही म्हणत नाही. पण न बघता ठरवू नकोस.”

तो कड्यांच्या थप्पीला एक फेरी मारून आला. मग म्हणाला, “बरं.”

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला फाटकापाशी गाठलं. “आपल्यात सुतकबितक नसतं, ते मी जाणते,” त्या म्हणाल्या. “पण लोक नावं ठेवतात गं. बाई जाऊन महिना झाला नाही आणि दारात ठोकाठोकी. थोडं थांबा.”

“वहिनी, ती थांबली असती का?”

“ती नसती थांबली. पण तिला कुठे कुणी नावं ठेवली नाहीत? जन्मभर ठेवलीच की.” आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी तुझ्याबद्दल पहिल्यांदा खरं काहीतरी सांगितलं. विहारात बोलल्या नव्हत्या तसं.

मी युसूफ मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कड्या उलटसुलट करून बघितल्या. तुझ्या कडीपाशी आले तेव्हा त्यांनीही हात फिरवला, सगळे फिरवतात. “मॅडम, माल एक नंबर हाय. असा साग आता बघायला भेटत नाही.”

“भोक पाडून बघा.”

“कशाला खराब करता?”

“पाडा.”

त्यांनी खालच्या अंगाला, जिथे भद्द आवाज येत होता तिथे, ड्रिल लावलं. वरची बोटभर जाडी कुरकुरत गेली, भुसा मधाच्या रंगाचा. मग एकदम ड्रिल आत घुसलं, अडवणारं काही नसल्यासारखं. बाहेर आली ती पिवळट, मैद्यासारखी पूड. वाळवी जुनी होती, कधीच मेलेली. पण आतून खाऊन गेली होती, वितीहून जास्त लांब.

मला आनंद झाला नाही. तू समोर असतीस तर झाला असता. तुला पूड दाखवली असती, तू म्हणाली असतीस, “तरी उरलेली चांगली आहे,” आणि आपण संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. तू नसताना बरोबर ठरणं ही फार पोकळ गोष्ट आहे.

पण खरी लढाई त्यानंतर झाली. युसूफभाई म्हणाले, उलटी करून घालू, पोकळ अंग वर, खालून दिसणार नाही, लोखंडी पट्टी मारू. जाऊबाई म्हणाल्या, तिने स्वतःच्या हाताने निवडलेली आहे, ती तरी घाला. आपल्या बॅचमधली मोठी, ती अंगणवाडीची सेविका, तीसुद्धा म्हणाली, “मॅडम, नंदाताईंची शेवटची इच्छा होती. कडेला कुठेतरी घाला.” सगळे तुझ्या बाजूने. तू जिवंत असताना एवढी माणसं तुझ्या बाजूला कधी नव्हती.

मी सांगितलं, “नाही.”

“का पण?”

“कारण खाली माणसं बसणार आहेत.”

एवढंच बोलले. जे बोलले नाही ते तुला सांगते. तू गेलीस म्हणून तुझी चूक बरोबर होत नाही. मी तुला देवघरात बसवणार नाही, नंदा. तुझ्या शब्दाला आज मान डोलवली तर उद्या तुझ्या फोटोला हार घालून स्कूल बंद करायलाही लोक सांगतील, आणि तेही तुझ्याच नावाने. तू मला पहिल्या दिवशी सांगितलं होतंस की शेजारी कोण बसलंय हे बघून ब्रेक दाबायचा नसतो, समोर काय आहे ते बघून दाबायचा. मी समोर बघितलं. समोर पूड होती.

वखारीत एकटी गेले. मालकाने मला ओळखलं आणि माझ्या मागे बघितलं. या वेळी पुरुष शोधत नव्हता, तुला शोधत होता. “त्या ताई?”

“गेल्या.”

त्याने खुर्ची दिली. मी बसले नाही. सागाच्या कड्या काढायला लावल्या, वाळलेल्या. तळवा ठेवून बघितल्या, गाल ठेवून बघितल्या. मला लाज वाटली नाही. एक सरळ होती, पण गाभ्याबाहेरचा पांढरट भाग एका कडेने बराच होता, किडीला तोच आवडतो. ती बाजूला. दुसरीला मधे हलकासा बाक होता. मालक म्हणाला, “ही वाकडी आहे, मॅडम, सरळ देतो.” मी म्हटलं, हीच द्या. बाक वर करून घातली की फळ्यांच्या आणि पावसाच्या वजनाने ती सरळ होते. खाली बाक आलेली कडी मात्र आणखी झुकतच जाते. हे मला युसूफभाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, आणि मी ते इतक्या ऐटीत सांगितलं की जणू मी जन्मभर कड्याच विकत होते. तू असतीस तर मला चिमटा काढला असतास.

काम सुरू झालं. मला कड्या जवळजवळ हव्या होत्या, सव्वा सव्वा फुटावर. युसूफभाई म्हणत होते दोन फूट पुरे. तिथे मी तुझं ऐकलं. तुझंही म्हणणं सव्वा फूटच होतं, आणि ते बरोबर होतं. दोन फुटांवर फळी पायाखाली लचकते, आणि लचकली की वरचा डांबरी थर फाटतो. कड्या उभ्या धरून बसवल्या, रुंद बाजू उभी येईल अशा. टोकांना डांबर फासलं. भिंतीत प्रत्येक टोकाभोवती बोटभर फट ठेवली, म्हणजे लाकूड श्वास घेईल. आणि प्रत्येक कडीला लोखंडी पट्टी मारून ती खाली भिंतीत पक्की केली, कारण हलकं छप्पर पडण्याआधी उडतं, हे आपण पपईवर बघितलंय. वर मागच्या बाजूला किंचित उतार, पन्हळ आपल्याच अंगणात. देशमुख रोज येऊन बघून जात होते. शेवटी म्हणाले, “पाणी खरंच आमच्याकडे येणार नाही की.” आवाजात थोडी निराशा होती.

तुझ्या कडीचं काय केलं, तेही सांगते. पोकळ भाग कापून टाकला. उरलेल्या चांगल्या लाकडाचे ठोकळे पाडले आणि कड्यांच्या मधे मधे ठोकले, कड्या कलंडू नयेत म्हणून. आठवण म्हणून नाही. चांगलं लाकूड होतं म्हणून. तुला वाईट वाटलं तर वाटू दे.

मी रडले तो दिवस सांगायचा राहिला. फळ्या ठोकून झाल्या होत्या, मिस्त्री जेवायला गेले होते. गॅरेजमध्ये इतक्या दिवसांनी पहिल्यांदा अंधार झाला. गाडी आत आणली आणि सवयीने दार उघडायला डावीकडे हात टाकला, कारण आत आणताना तूच चालवायचीस आणि मी डावीकडे असायचे. हात गिअरवर आपटला. मी उजव्या सीटवर होते. तिथेच बसून रडले, हात स्टिअरिंगवर ठेवून. तुझ्यावर, पित्तावर, त्या मैद्यासारख्या पुडीवर. मग मिस्त्री परत आले, मी तोंड धुतलं आणि पन्हळीचं काम करून घेतलं.

काल रविवार होता. मी प्रशांतला बोलावलं होतं. त्याला सांगितलं नव्हतं की बॅचच्या बायकांनाही बोलावलंय. छपराची परीक्षा घ्यायची होती. युसूफभाईंनी शनिवारीच वाळूची पोती वर रचून बघितली होती, स्वतः नाचून बघितलं होतं. पण पोती गाडी शिकायला येत नाहीत. मला माणसं हवी होती.

शिडी लावली. अंगणवाडीची सेविका पहिली चढली, पदर खोचून. मग हरसूलची नर्स, सुट्टी काढून आलेली. मग कॉलेजच्या मुली, मग भाजीवाल्या शांताबाई, त्या वजनाच्या बाबतीत दोघींच्या बरोबरीच्या. एकेक करत सगळ्या वर. गल्ली जमा झाली. जाऊबाई खिडकीत आल्या, तुझ्या खिडकीत, आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. देशमुख म्हणाले, “अहो, हे काय चाललंय? बाईंना जाऊन किती दिवस झाले?” वरून कुणीतरी म्हणालं, “काका, तुम्हीही या की वर.” आणि सगळ्या हसल्या. तुझ्या दारात महिनाभर कुणी हसलं नव्हतं.

मी आत होते. कड्यांच्या खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट दोरी ताणली होती, कडी किती झुकते ते बघायला. मधल्या नव्या कडीखाली जाऊन उभी राहिले आणि वर बघत होते. पावलांचा आवाज डोक्यावरून इकडून तिकडे जात होता.

प्रशांत दारात येऊन थांबला. “मावशी, बाहेर या.”

“का?”

“एवढ्या जणी वर आहेत. काही झालं तर?”

“म्हणून तर इथे उभी आहे. मी बायकांना सांगितलंय, छप्पर पक्कं आहे. मग मी बाहेर उभं राहून कसं चालेल?”

तो तसाच उभा राहिला. एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे. डोळे तुझ्यासारखेच बारीक करतो, विचार करताना. मी त्याला ये म्हटलं नाही. जागा त्याची होती, ठरवायचं त्याला होतं.

मग त्याने चपला दारात काढल्या, का कोण जाणे, आणि आत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

“दोरी कशासाठी?”

“कडी तिला टेकली तर कमी पडली.”

“टेकलीये?”

“बघ ना.”

त्याने वाकून, एक डोळा मिटून, दोरीच्या रेषेत बघितलं. कडी आणि दोरी यांच्यात करंगळी जाईल एवढी फट होती. सकाळी होती तेवढीच.

वर शांताबाईंचा आवाज आला, “मॅडम, उडी मारू का?”

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत त्यानेच मान वर करून ओरडून सांगितलं, “मारा.”

धप्प आवाज झाला. दोरी थरथरली. फळ्यांच्या सांध्यांतून भुशाची बारीक धूळ आमच्या दोघांच्या डोक्यावर पडली. आम्ही जागचे हललो नाही.